फिटनेस सर्टिफिकेटनंतरचा थकवा

सुप्याच्या एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. लाइनवरून आलेला बुश उचलायचा, कपड्याने पुसायचा, प्लग गेज घालून बोअर बघायचा, व्हर्निअर लावून बाहेरचा व्यास मोजायचा आणि इन्स्पेक्शन रिपोर्टवर आकडा टाकायचा. ओझं उचलणं नाही, भट्टीपुढं उभं राहणं नाही. ब्रेन हॅमरेजमधून उठून कामावर निघालो तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, "तुझं काय, बसून तर काम!"

बसून काम करताना काय होतं ते सांगतो. व्हर्निअरवर आधी मुख्य पट्टी वाचायची, 31. मग सरकपट्टीवरची कोणती रेघ वरच्या रेघेशी जुळते ते बघायचं, 0.96. दोन्ही मिळून 31.96. दहा वर्षांच्या सवयीने हे श्वास घेण्याइतकं सहज होतं. परत आल्यावर सकाळी आठ-साडेआठपर्यंत ते तसंच जमायचं. अकराच्या सुमारास मात्र 0.96 ची रेघ सापडेपर्यंत आधीचे 31 निसटून जायचे. पुन्हा मुख्य पट्टी, पुन्हा सरकपट्टी. चौथ्यांदा बघून आकडा लिहिला तरी पेन उचलता उचलता शंका यायची, हा याच नगाचा की मघाच्या? हात ठीक, पाय ठीक, डोळ्यांचा नंबरही तोच, पण लक्ष टिकत नव्हतं.

त्यात आवाजाची भर पडायची. प्रेस शॉपचे ठोके, फोर्कलिफ्ट मागे घेतानाचा भोंगा, शेजारच्या टेबलावर फोनवर लावलेली गाणी. निरोगी मेंदू यातलं नको ते आपोआप बाजूला सारतो आणि ते सारण्यालाही ताकद लागते, हे तोवर मला माहीतच नव्हतं. आता प्रत्येक आवाज सारख्याच जोरानं आत यायचा. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये चार जण एकदम बोलू लागले की मला एकाचंही धड कळेना. मी डबा घेऊन सायकल स्टँडच्या सावलीत बसू लागलो, तर लोकांना वाटलं, आजारपणानं माणूस घुमा झाला.

माझ्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीवर आलेला फुगा फुटला होता. पुण्याला नेलं, मांडीच्या शिरेतून नळी घालून कॉइलनं तो बुजवला. या प्रकारच्या रक्तस्रावात पुढचे दोन आठवडे मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडण्याचा धोका असतो, त्यासाठी निमोडिपिनची गोळी 21 दिवस दर चार तासांनी घ्यावी लागते, रात्रीसुद्धा. बायको मोबाइलला गजर लावून मला उठवायची. या सगळ्याची उत्तम माहिती मिळाली, कागदावर लिहून मिळाली. घरी आल्यावर येणाऱ्या थकव्याबद्दल मात्र "थोडा अशक्तपणा राहील" एवढंच सांगितलं गेलं.

हा अशक्तपणा नव्हे. अशक्तपणा खाऊन-पिऊन, झोपून भरून निघतो. आई खिमट, खारीक, बदाम सगळं करून थकली; मी रात्रभर झोपून उठलो तरी दहाला डोळ्यांपुढं धुकं यायचं. आमच्याकडं पारनेर तालुक्यात उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार घटकाभर चालते, मग बंद करून पाझराचं पाणी साठू द्यावं लागतं. तळ दिसेपर्यंत उपसत बसलं तर त्या दिवशी पाणी नाहीच, वर मोटारही जळते. माझ्या लक्षाचं नेमकं तसं झालंय. दमण्याआधी थांबलो तर अर्ध्या तासात परत कामाला लागतो. दमल्यावर थांबलो तर दुसरा दिवसही हातचा जातो. पुढं मी जे काही शिकलो ते याच एका गोष्टीच्या आसपासचं.

डॉक्टरांनी तपासून घ्यायला लावलं तेही योग्यच होतं. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब, झोपेतलं घोरणं, मनाची उदासी, फिटच्या गोळ्यांची गुंगी, आणि मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी कमी पडते का, हे सगळं थकव्याच्या मुळाशी असू शकतं आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. माझ्यात फारसं काही निघालं नाही. अशा रक्तस्रावानंतरच्या थकव्यावर झालेल्या अभ्यासांचा आढावा 2012 मध्ये घेतला गेला, त्यात 31 ते 90 टक्के रुग्णांना हा त्रास असल्याचं दिसलं. कुणाला, कधी, कसं विचारलं यावर आकडा एवढा हलतो. पण खालचा आकडा धरला तरी तिघांतला जवळजवळ एक जण झाला. त्यावर खात्रीचं औषध आजही नाही.

'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेतली अभिनेत्री एमिलिया क्लार्क हिला 2011 मध्ये, पहिल्या सीझनचं शूटिंग संपल्यावर, असाच रक्तस्राव झाला. ती काही काळातच कामावर परतली. दुसऱ्या सीझनचे दिवस आपल्यासाठी सगळ्यांत वाईट होते, असं तिनं 2019 मध्ये स्वतः लिहिलं. तोवर पडद्यावर तिला बघणाऱ्या कुणाला काही कळलं नव्हतं. मला हे वाचून धीर आला. चेहऱ्यावर न दिसणारं दुखणं खोटं नसतं, हे मला घरच्यांना तिचं नाव घेऊन सांगता आलं.

कागदांचं काय होतं तेही लिहायला हवं. माझा पगार 21,000 च्या आत, म्हणून ईएसआयचा कामगार विमा लागू. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. ठरावीक 34 दीर्घ आजारांना ती 80 टक्के दराने, दोन वर्षांपर्यंत वाढवून मिळू शकते. त्या यादीत अर्धांगवायू आहे. माझा हात लुळा पडला असता तर मी त्यात बसलो असतो. नुसत्या थकव्याला तिथं रकाना नाही. अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढू नये म्हणतो, पण ते कलम सरकारी आस्थापनांसाठी आहे. म्हणजे एमआयडीसीतल्या आमच्यासारख्यांचं सगळं एका फिटनेस सर्टिफिकेटवर येऊन ठेपतं, आणि त्यावर दोनच शब्द असतात, फिट किंवा अनफिट. अनफिट लिहिलं तर घर बसतं. फिट लिहिलं की सोमवारपासून फर्स्ट शिफ्ट, पुढच्या आठवड्यात सेकंड, मग थर्ड.

1948 च्या कारखाना कायद्यानं पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. तो हिशोब हातापायांच्या कष्टाचा होता आणि त्या काळाला तो मोठाच होता. मला पन्नास मिनिटांनंतर दहा मिनिटं हवी होती. एकूण विश्रांती थोडी जास्त भरते, पण मुख्य फरक तुकड्यांचा. हे पटवायला मला फार झगडावं लागलं. आमच्या सुपरवायझरना वाटायचं, एकाला दिलं की सगळे मागतील. शेवटी मी डॉक्टरांकडून साधं पत्र आणलं: सुरुवातीला चार तास काम, दर महिन्याला तपासून वाढ, रात्रपाळी नाही, प्रेस शॉपजवळ टेबल नाही. झोप मोडली की फिट येण्याचा धोका वाढतो, हे वाक्य त्यात होतं म्हणून रात्रपाळीचा मुद्दा लगेच मान्य झाला. टेबल स्टोअरमध्ये, इनकमिंग मटेरियलकडं हललं. तिथं भिंतीआड आवाज निम्मा येतो. व्हर्निअरऐवजी डिजिटल कॅलिपर मिळाला, म्हणजे दोन पट्ट्या डोक्यात धरायला नकोत. एवढ्यानं माझी रिपोर्टमधली खाडाखोड थांबली. या बदलांना कंपनीचा म्हणण्यासारखा खर्च आला नाही.

आता मी सहा तास भरतो. बसमधून घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत पडतो, मुलाला माहीत आहे, दिवेलागणीपर्यंत बाबांशी बोलायचं नाही. लग्नकार्याला गेलो तर दुसऱ्या दिवशीची रजा आधीच टाकतो. आठ तास जमतील का, डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत.

आमच्याच लाइनवर एक पॅकिंगचा पोरगा होता, कंत्राटदाराच्या हजेरीवर. रक्तदाबामुळं त्याच्याही मेंदूत रक्तस्राव झाला, तो चालता-बोलता झाला आणि माझं पत्र बघून त्यानंही तसंच आणलं. कंत्राटदारानं ते वाचलं आणि म्हणाला, "पूर्ण बरा झाला की ये, भाऊ." त्याच्या जागी माणूस आधीच आलेला होता. तो आता गावातच कांद्याच्या चाळीत निवडायला जातो. मजुरी निम्मी मिळते, पण डोकं जड झालं की गोणीवर आडवं होता येतं, कुणी काही बोलत नाही, असं तो म्हणाला.