पिशवी साफ केल्यानंतरचे दोन आठवडे

आमच्या शाळेत पालकसभा संपली की काही आया मागे रेंगाळतात. मुलांचे गुण बाजूला राहतात आणि पर्समधून एखादा कागद निघतो, "बाजी, हे जरा वाचून दाखवा." अशाच एका भगिनीने आमच्यापुढे डिस्चार्ज कार्ड धरले. अडीच महिन्यांचा गर्भ पडला होता. पिशवी साफ करून, म्हणजे क्युरेटिंग करून, त्याच दिवशी तिला घरी पाठवले होते. गोळ्यांच्या यादीखाली इंग्रजीत लिहिले होते, 'अ‍ॅब्स्टिनन्स, दोन आठवडे'. तिला ते औषधाचे नाव वाटले. मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळ्यांत तेही आले असेल, असे समजून ती निर्धास्त होती.

पाचव्या दिवशी रक्त थांबले. तिने गुस्ल केले, नमाज सुरू केली. शौहर जवळ आले तेव्हा नाही म्हणायला आता कारण उरले नाही, असे तिला वाटले. आमच्याकडे आली त्या दिवशी अंगात ताप आणि ओटीपोटात कळा होत्या. तिला तशीच रिक्षात घालून आम्ही दवाखान्यात नेले. पिशवीला जंतुसंसर्ग झाला होता. वेळेवर औषध मिळाले, अल्हम्दुलिल्लाह, ती बरी झाली.

शौहरला तरी दोष कसा द्यावा? त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

गुस्लने पाकी मिळते, जखम भरत नाही. क्युरेटिंगसाठी पिशवीचे तोंड उघडावे लागते आणि आतले अस्तर खरवडले जाते. तोंड मिटून अस्तर सावरेपर्यंत जंतूंना वाट मोकळी असते. म्हणून रक्त थांबले तरी साधारण दोन आठवडे संबंध टाळायला सांगतात. कोणाला डॉक्टर जास्त दिवसही सांगतील, ते पाळावेत. या काळात पॅडच वापरावे. अंघोळीला हरकत नाही. पोटात मुरडा एक-दोन दिवस राहतो, डाग अधूनमधून दोन आठवड्यांपर्यंत दिसू शकतात. पण तासाला दोन पॅड भिजू लागले, 100.4 अंशांवर ताप गेला, स्रावाला घाण वास आला किंवा चक्कर येऊ लागली, तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

दुसऱ्या टोकाची चूकही घरोघरी दिसते. थोरल्या बायका सरसकट चाळीस दिवस मोजायला लावतात आणि सून नमाजही सोडून बसते. चाळीस दिवस ही हनफी मसलकात निफासची कमाल मुदत आहे, शाफई मसलकात ती साठ आहे. तेवढे दिवस भरलेच पाहिजेत असे नाही. त्यातून गर्भ लहान असताना पडला तर ते रक्त निफास मानायचे की नाही, हे गर्भाची घडण किती झाली होती यावर ठरते. कोकणातल्या शाफई भगिनींना मिळणारे उत्तर वेगळे असू शकते. किती आठवडे झाले होते ते सांगून आपल्या मसलकाच्या आलिमांना विचारावे.

मुदत संपली म्हणजे मन लगेच तयार होते असेही नाही. मूल गेलेले असते, भीती वाटते, कधी नुसत्या स्पर्शाने रडू येते. आणखी काही दिवस मागून घेण्यात गुन्हा नाही. जवळ आल्यावर दुखले तर थांबावे, दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवावे. गर्भ पडल्यावर पुढची पाळी यायला चार ते सहा आठवडे लागतात, पण त्याआधीच पुन्हा दिवस राहू शकतात. त्यामुळे पाळणा लांबवायचा असेल तर साधन कोणते, हे घरी जाण्याआधीच ठरवून घ्यावे.

आणि हे सारे शौहरसमोर व्हावे. सासूबाई किंवा नणंद सोबत असली तरी डिस्चार्जच्या वेळी त्यांना आत बोलवा. तोंडाने विचारायला लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून न्या, "आम्ही एकत्र कधी राहू शकतो?" डॉक्टर तारीख सांगतील, ती कार्डावर मराठीत किंवा उर्दूत लिहून मागा.