आजार गेला, खुणा राहिल्या

पनवेलजवळच्या नेरे येथील ‘शांतिवन’ कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासाठी ओळखले जाते. अशा वसाहती गावाबाहेर वसल्या, त्या जंतूंइतक्याच लोकांच्या भीतीमुळे. ही भीती घालवण्याचे काम वरोऱ्याच्या आनंदवनातील ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद करतो. डॉ. विकास आमटे यांनी उभ्या केलेल्या या वाद्यवृंदात कुष्ठमुक्त आणि अपंग कलावंत रंगमंचावर येतात.

वाकडी बोटे पाहून बिचकण्याचे कारण नाही. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंना इजा करतात. त्यामुळे त्या भागाची संवेदना जाते, स्नायू दुबळे होतात. भाजले-कापले तरी कळत नाही आणि जखमा चिघळतात. ६ ते १२ महिन्यांच्या बहुविध औषधोपचाराने रोग बरा होतो; आधी झालेली विकृती मात्र बहुधा राहते. म्हणजे वाकडे बोट ही जुन्या इजेची खूण आहे, संसर्गाची नव्हे. कलावंताचा हात हातात घ्यायला काहीच हरकत नाही.

उपचार लवकर झाले, तर ही विकृतीही टळते. त्वचेवर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला, तर तो लपवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.