सोलापूरचा किल्ला आणि चांदबिबीची सोयरीक

अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली गेली, ती विजयनगरविरुद्धची जूट पक्की व्हावी म्हणून. साटेलोटेच होते ते : अलीची बहीण निजामशाही युवराज मुर्तझाला दिली आणि चांदबिबीबरोबर सोलापूरचा किल्ला विजापूरला आंदण गेला. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटला विजयनगरचा पाडाव झाला, तेव्हा सोयरीक फळाला आली असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. १५२४ मध्ये विजापूरची मरियम बुऱ्हाण निजामशहाला दिली, तेव्हाही आंदणाच्या बोलीत हाच किल्ला होता. विजापूरने तो दिला नाही आणि व्याह्याव्याह्यांतच लढाई जुंपली. दुसऱ्या खेपेस सलोखा टिकला तो विजयनगरच्या धास्तीने. ती सरताच दोन्ही दरबार काही वर्षांत पुन्हा एकमेकांवर चालून गेले.

मग चांदबिबी तहातले एक कलम होती, एवढेच म्हणायचे का? तो तिच्यावर अन्याय होईल. १५८० मध्ये अलीचा खून झाला आणि नऊ वर्षांच्या पुतण्या इब्राहिमच्या नावाने तिने विजापूरचा कारभार पाहिला. विजापूरचा सरदार किश्वरखान याने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले, तरी ती सुटून परत आली. पुढे ती माहेरी, नगरला गेली. तिथे सरदारांचे चार तट, प्रत्येकाचा वारस वेगळा, आणि त्यांतल्याच मियाँ मंजूने मोगलांना बोलावलेले. १५९५ मध्ये शहाजादा मुरादने वेढा घातला. सुरुंगाने तट ढासळला, तेव्हा तिने स्वतः उभे राहून रातोरात खिंडार बुजवून घेतले. विजापूर आणि गोवळकोंड्याच्या फौजा मदतीला निघाल्या. १५९६ मध्ये वऱ्हाड घेऊन मोगलांनी वेढा उठवला.

कोणी म्हणेल, इब्राहिमने फौज धाडली ती मोगल आपल्या दारात येऊ नयेत म्हणून, चुलतीच्या मायेने नव्हे. खरे आहे. पण फुटलेल्या नगरात विजापूरने भरवसा ठेवावा कोणावर? आदिलशहाची विधवा आणि निजामशहाची लेक असलेली ती एकटीच होती. त्या लग्नाने राज्ये जोडली नाहीत, पण दोन्हीकडे जिचा शब्द चालेल अशी एक बाई घडवली.

ती पत मोगलांपुढे मात्र पुरली नाही. मोगल पुन्हा चालून आले आणि १६०० मध्ये तिने पुन्हा तहाची बोलणी सुरू करताच फितुरीचा आळ घेऊन तिच्याच लोकांनी तिला ठार केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरचा किल्ला पडला आणि तिच्या भावाचा नातू, बाल बहादूर निजामशहा, ग्वाल्हेरच्या तुरुंगात गेला.