दुकानातील इंटरनेट अधूनमधून तुटते? आधी दोष कोठे आहे ते शोधा

हिंगोली-वाशिम रस्त्यावरील कनेरगाव नाका हे मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवरचे गाव. अशा नाक्यावरच्या दुकानाचे आता इंटरनेटवाचून पान हलत नाही. २०१६ साली यूपीआय आले आणि पाच-दहा रुपयांचा व्यवहारही मोबाईलवर होऊ लागला. २०१८ पासून माल बाहेर पाठविताना ई-वे बिल लागू लागले. अशा वेळी लाईन पूर्ण बंद पडली तर निदान कळते तरी. दहा मिनिटे चालून दोन मिनिटे तुटणारी लाईन मात्र जास्त नुकसान करते. गिऱ्हाईक म्हणते पैसे गेले, दुकानदार म्हणतो आले नाहीत, आणि विनाकारण शब्दाला शब्द वाढतो.

बऱ्याच ठिकाणी खाली दुकान आणि वर घर असते. जुना संगणक टाकून देण्याऐवजी त्यात दुसरे नेटवर्क कार्ड बसवून त्याचाच राऊटर केला जातो. एक कार्ड कंपनीच्या मोडेमकडे, तर दुसरे दुकान आणि घराकडे. ही सोय स्वस्त आणि चांगली आहे. पण त्यातले एक कार्ड लहरी निघाले की कोणी मोडेम बदला म्हणतो, कोणी सगळा संगणकच बदला म्हणतो. खिशात हात घालण्यापूर्वी पुढील तपासणी घरच्या घरी करावी.

तीन टप्प्यांची परीक्षा

संगणकावर 'पिंग' नावाची आज्ञा असते. समोरच्या यंत्राला हाक मारून 'ओ' येते की नाही, हे ती सांगते. लाईन तुटलेली असतानाच दुकानातील दुसऱ्या संगणकावरून तीन हाका माराव्यात : पहिली राऊटरला, दुसरी मोडेमला, तिसरी बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. पहिलीलाच उत्तर नसेल तर दोष दुकानाकडील वायरीत किंवा आतल्या कार्डात आहे. पहिलीला उत्तर आहे, दुसरीला नाही, तर बाहेरचे कार्ड, त्याची वायर किंवा मोडेमचे तोंड पाहावे. दोन्हींना उत्तर असून तिसरीला नसेल, तर आपले कार्ड बहुधा निर्दोष आहे. कंपनीकडे तक्रार करावी. प्रत्येक वेळी तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवावी. तक्रार करताना ही वही फार उपयोगी पडते.

दिवा काय सांगतो

कार्डाच्या मागे लहान दिवा असतो. लाईन तुटताना तो विझत असेल तर आधी वायर बदलून पाहावी. वायरीच्या टोकाची प्लास्टिकची जीभ तुटली असेल तर ती हलते आणि संपर्क सुटतो. वायरीत आठ तारा असतात. १०० मेगाबिटच्या गतीला त्यांतील चारच लागतात, १००० ला आठही लागतात. त्यामुळे एखादी तार कच्ची बसली तर गती १००० वरून १०० वर येते किंवा जोडणी सारखी तुटते-जुळते. तांब्याची ही वायर १०० मीटरपेक्षा लांब नेऊ नये.

दिवा लागलेला असूनही काम ठप्प होत असेल तर संशय कार्डावर किंवा ते चालविणाऱ्या प्रोग्रॅमवर, म्हणजे ड्रायव्हरवर घ्यावा. राऊटरच्या नोंदीत 'वॉचडॉग टाइमआउट' असे वारंवार दिसले, तर ड्रायव्हरने माहिती पाठवायला दिली, पण कार्डाने वेळेत काम पुरे केले नाही, असा त्याचा अर्थ. ड्रायव्हर नवा टाकावा आणि कार्डाची वीजबचतीची सोय बंद करून पाहावी. गतीचे सेटिंग दोन्ही टोकांना 'ऑटो' ठेवावे. एका टोकाला पक्की गती आणि दुसऱ्याला ऑटो ठेवल्यास दोघांचा मेळ बसत नाही आणि लाईन रांगू लागते.

अदलाबदल हीच खरी कसोटी

रात्री दुकान बंद झाल्यावर दोन्ही कार्डांच्या वायरींची अदलाबदल करावी. सेटिंगमध्येही आतले कार्ड बाहेरचे आणि बाहेरचे आतले करावे, मग मोडेम एकदा बंद करून सुरू करावा. दोष कार्डाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर ते कार्ड किंवा त्याची खाच दोषी. दोष जागेवरच राहिला तर कार्डाला बोल लावू नये. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर दुरुस्ती कशाने झाली हे कधीच कळत नाही.

कार्ड काढण्यापूर्वी संगणकाचा प्लग काढावा. कार्डाचे सोनेरी दात मऊ खोडरबराने हलकेच पुसावेत, धूळ झटकावी आणि शक्य असल्यास दुसऱ्या खाचेत घट्ट बसवावे. दोन-तीन तास चालल्यावरच दोष येत असेल तर उष्णतेचा विचार करावा. मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगले असतील तर नवे कार्ड घालूनही उपयोग नाही.

वीज आणि कारागीर

वेल्डिंग किंवा मोटार वाइंडिंग करणाऱ्या बांधवांनी आणखी एक गोष्ट पाहावी. वेल्डिंग मशीन सुरू होताच व्होल्टेज दबते. त्याच लाईनवर राऊटर असेल तर तो अडखळतो. राऊटरला वेगळी लाईन किंवा लहान यूपीएस द्यावा. बाजारचा तयार राऊटर असेल तर त्यातले कार्ड सुटे होत नाही, पण त्याचा ॲडाप्टर बदलता येतो. व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असावेत.

पावसाळ्यात कडकडाट सुरू होण्यापूर्वीच वीज आणि नेट, दोन्हींच्या वायरी काढाव्यात. विजेच्या धक्क्याने कार्ड दरवेळी पूर्ण जळतेच असे नाही. कधी ते अर्धवट दुखावते आणि पुढे अनेक महिने लहरीपणे चालते. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत वायर न्यायची असेल तर तांब्याऐवजी फायबर न्यावी.

एवढी तपासणी करून कार्ड दोषी ठरलेच तर फक्त कार्ड बदलावे. संपूर्ण संगणकाचा खर्च वाचेल आणि गल्ल्यावरची कटकटही थांबेल.