नाताळच्या सुट्टीतलं महाड

परळच्या चाळीत आमच्या शेजारी नगरकडचं एक मराठी ख्रिस्ती कुटुंब राहत होतं. डिसेंबर उजाडला की त्यांच्या दारावर बांबूच्या कामट्यांची, रंगीत कागद लावलेली चांदणी टांगली जायची आणि आतून करंज्या तळण्याचा वास यायचा. आमच्या खोलीत त्याच वेळी वेगळी गडबड असे. आई गोणपाट शिवत असे, वडील एसटीच्या तिकिटांसाठी रांगेत उभे असत. शेजारच्या काकू दरवर्षी हसून विचारायच्या, ‘‘अहो, सण आमचा आणि गावाला तुम्ही कुठे निघता?’’

या प्रश्नाचं उत्तर देता येईल एवढं मला कळायला लागलं तेव्हा मी मोठी झाले होते. आज पंचाहत्तरी ओलांडल्यावर आठवणी सांगा म्हटलं, तर मला नाताळचीच सुट्टी आठवते.

आमचं मूळ घर पोलादपूरजवळच्या एका वाडीत. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री डोंगर उतरून पोलादपूरवरून महाडकडे जाते, तिच्या काठाने आमची भाताची खाचरं. आजा पहिल्या महायुद्धाच्या वेळी उभारलेल्या 111 महार पलटणीत होता. 1921 साली ती पलटण मोडली आणि तो गणवेशाचा कोट, बूट आणि एक कागद घेऊन घरी आला. लिहिता-वाचता येणारा वाडीतला तो एकटाच.

आता 1927 सालाकडे वळते, कारण आमच्या घरची नाताळची गोष्ट तिथून सुरू होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात 1923 साली मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, पण तळ्यावर जायची कुणाची छाती नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारोंना सोबत नेऊन ते पाणी प्यायलं. नंतर गावात मारहाण झाली, तळ्याचं शुद्धीकरण झालं, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं. दिवस ठरला 25 डिसेंबर.

हाच दिवस का, असं मी लहानपणी आज्याला विचारलं होतं. तो म्हणाला, ‘‘सायबाची सुट्टी व्हती ना!’’ इंग्रजी अमलात नाताळच्या आठवड्यात कचेऱ्या आणि कोर्टं बंद असत. नोकरदाराला आणि वकिलाला रजा न मागता गाव गाठायला मिळे तो हाच आठवडा. म्हणून तर काँग्रेसची अधिवेशनंही तेव्हा याच आठवड्यात भरत. 1885 सालचं मुंबईचं पहिलं अधिवेशन 28 डिसेंबरला सुरू झालं होतं, आणि महाडची परिषद चालू असताना काँग्रेस मद्रासला भरली होती. नाताळ हा शब्दच पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. सुट्टी इंग्रजांनी दिली. आणि ती कशी वापरायची हे आपल्या माणसांनी ठरवलं. मला या गोष्टीची अजून गंमत वाटते.

बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून पाच मैल चालत महाडला आले. मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. आजा आदल्या रात्री वाडीतल्या सात-आठ जणांबरोबर कंदील घेऊन निघाला होता. पोलादपूर ते महाड अठरा-वीस किलोमीटरची वाट. फडक्यात बांधलेली नाचणीची भाकरी आणि कांदा एवढीच शिदोरी. त्या रात्री, 25 तारखेला, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचं दहन झालं. ठराव मांडणारा ब्राह्मण होता हे आजा न चुकता सांगायचा. तळ्यावर जाण्याला मात्र दिवाणी न्यायालयाची तात्पुरती मनाई आली होती. बाबासाहेबांनी ती मानली आणि मिरवणूक तळ्याभोवती फिरून परत आली. ‘‘पानी समोर, आन् प्यायाचं न्हाई,’’ हे सांगताना आज्याचा आवाज इतक्या वर्षांनीही बदलत असे. त्या खटल्याचा शेवटचा निकाल उच्च न्यायालयातून लागायला 17 मार्च 1937 उजाडला. निकाल आपल्या बाजूने लागला.

आजी परिषदेला गेली नव्हती. लग्न होऊन तिला जेमतेम वर्ष झालं होतं. पण त्या परिषदेतली जी गोष्ट आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोलली गेली, ती तिच्यामुळेच. 27 तारखेला बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडं घोट्यापर्यंत नेसा, जातीची खूण म्हणून अंगावर वागवता ते जड दागिने टाकून द्या, मुलींना शिकवा, असा त्या बोलण्याचा आशय. आलेल्या बायकांनी तिथल्या तिथे लुगडी नेसायची पद्धत बदलली. आज्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आजी भडकली. हातातले गोट तिच्या आईने शेतावर राबून, एकेक आणा साठवून घातले होते. ‘‘माज्या आयेनं घातलेलं काढाया सांगनारा तू कोन?’’ तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी पाण्याला गेली ती घोट्यापर्यंत लुगडं नेसून, रिकाम्या हातांनी. वाटेत काय ऐकून घ्यावं लागलं ते तिने कधी सांगितलं नाही. गोट पुढे माझ्या वडिलांच्या शाळेसाठी महाडच्या सोनाराकडे गेले. एक मात्र तिने ट्रंकेत ठेवला होता. चांदी कमी आणि वजन फार, असा तो काळपट गोट.

माझ्या आठवणीतला पहिला 25 डिसेंबर 1956 सालचा. मी सात वर्षांची होते. ऑक्टोबरात नागपूरला धर्मांतर झालं होतं, त्याच्या आनंदात असतानाच 6 डिसेंबरची बातमी आली. वडील दुसऱ्या दिवशी चैत्यभूमीकडे गेलेल्या गर्दीत होते. नाताळात आम्ही गावी गेलो, पण घरात चूल पेटली ती फक्त आम्हा मुलांसाठी पेज करायला. आजा पडवीत बसून होता. मोठी माणसं एवढी गप्प बसू शकतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या वर्षी वाडीने दीक्षा घेतली. घरातले देव सावित्रीत सोडले. त्या भाद्रपदात आमच्याकडे गौर आली नाही, आणि आजीचं खरं दुखणं तिथे होतं. तिला देवांचं फारसं काही वाटलं नाही. पण कोकणात लेक माहेरी येते ती गौरी-गणपतीला नाहीतर शिमग्याला. माझ्या तीन आत्या, एक कांगोरीकडच्या डोंगरात दिलेली, एक महाडात, एक थेट चिपळुणात. सणच गेला तर सासू कोणत्या निमित्ताने सुनेला पाठवणार? आजी आज्यापुढे उभी राहिली. ‘‘देव गेले तर गेले. पन माज्या पोरी कधी येनार?’’

मोठमोठ्या व्याख्यानांतून धर्मांतराबद्दल पुष्कळ ऐकलं, पण हा प्रश्न तिथे मी कुणी विचारलेला ऐकला नाही. आज्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘‘पंचवीस डिसेंबरला येतील. म्हाडाला जायाचंय म्हनून सांगू.’’ तिथून आमचा सण सुरू झाला. भात झोडून झालेलं असे, मुंबईच्या माणसांना सुट्टी असे आणि महाडला अभिवादनाला जायचं म्हटल्यावर सासरची माणसं अडवत नसत. बुद्धपौर्णिमा, चौदा एप्रिल हे आमचे सण होतेच. पण सगळं घर एका छपराखाली यायचं ते नाताळातच.

पनवेल, पेण, माणगाव करत एसटी महाडला पोचायला अख्खा दिवस जाई. लाल मातीने केस, पापण्या रंगून जात. पहाटे थंडीत सगळे महाडला निघत, तळ्यावर जात, जिथे दहन झालं तिथे नमस्कार करत आणि दुपारी परत. ‘सगळे’ म्हणते खरी, पण तसं नव्हतं. आम्ही बायका मागे राहायचो. चाळीस माणसांचं जेवण, तांदळाच्या भाकऱ्या, कोंबड्या, वाटण. म्हणजे मनुस्मृती जाळल्याचा दिवस साजरा करायचा आणि घरच्या बायका चुलीपुढे. हे कुणाला खटकत नव्हतं, मलाही नाही. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, वर्गात समतेवर बोलत होते, आणि पंचवीस तारखेला पाटा-वरवंट्याशी बसत होते.

ते मोडलं महाडच्या आत्याने. साल 1974 किंवा 75 असेल. पुरुष निघायच्या तयारीत होते. तिने पीठ मळता मळता हात धुतले, लुगड्याला पुसले आणि जाहीर केलं, ‘‘आज आमी म्हाडाला जातो. तुमी पोपटी लावा.’’

पोपटी म्हणजे काय, हे रायगडबाहेरच्यांना सांगायला हवं. भात कापल्यावर खाचरात जी ओल उरते तिच्यावर आमच्याकडे वाल पेरतात. पाऊस नको, पाटाचं पाणी नको. जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव एवढ्यावर ते पीक येतं. शेंगा भरायला लागल्या की पोपटीचे दिवस. मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा. ही बांधावर उगवणारी उग्र वासाची रानटी वनस्पती, एरवी तिला कुणी विचारत नाही. त्यावर न सोललेल्या शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी, मसाला लावून पानात बांधलेली कोंबडी, वर पुन्हा शेंगा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तोंड पाल्यानेच घट्ट बंद करून मडकं जमिनीवर पालथं घालायचं, भोवती पेंढा, पालापाचोळा, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघायचं; चर्र आवाज होऊन थेंब लगेच उडाले की झाली. पाटा नको, तेल नको. पुरुषांच्या हाती द्यायला याहून सोपा स्वयंपाक नाही, हे आत्याने बरोबर हेरलं होतं.

पहिल्या वर्षी त्यांनी मडकं फोडलं. दुसऱ्या वर्षी कोंबडी कच्ची राहिली. पण आत्या बधली नाही. आजी तेव्हा सत्तरीकडे झुकलेली. तीही आमच्याबरोबर एसटीत बसली. 1927 साली नवऱ्याने जे पाहिलं होतं, ते ठिकाण पाहायला आजीला सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं लागली. आणि अंतर किती, तर अठरा-वीस किलोमीटर. चवदार तळ्याच्या पायरीवर ती बराच वेळ बसली. पाणी ओंजळीत घेतलं, वास घेतला आणि म्हणाली, ‘‘येवढंच हाय व्हय?’’ आम्ही सगळ्या हसलो. ती हसली नाही.

पुढे 1990च्या दशकात महिला संघटनांनी 25 डिसेंबर हा भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. महाडला दूरदूरच्या बायका यायला लागल्या. तिथली भाषणं ऐकताना मला आत्याचे पीठ लागलेले हात आठवत. आजी त्याआधीच गेली होती. ट्रंक महाडच्या आत्याकडे होती.

1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि आमच्यातले काही जण वीर स्टेशनला उतरून येऊ लागले. प्रवास सोपा झाला, पण माणसं कमी होत गेली. आत्या एकेक करून गेल्या. चिपळूणकडची मंडळी पुण्यात स्थिरावली. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना इंग्रजी पूल एसटी गाड्यांसकट वाहून गेला. त्या डिसेंबरात शेजारच्या पुलावरून जाताना गाडीतलं कुणी बोललं नाही. मग 22 जुलै 2021 उजाडला. महाड पाण्याखाली गेलं, तळिये गावावर डोंगर कोसळला, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं नेली. आत्याच्या घरात पाणी माळ्याला लागलं. ट्रंक चिखलातून काढली तेव्हा आज्याच्या पलटणीच्या कागदाचा लगदा झालेला होता. गोट तेवढा होता. माझ्या आतेभावाने तो चिंचेने घासून मला दिला. म्हणाला, ‘‘ताई, आता हा वरच्या गावी ठेव, इथे नको.’’ त्या वर्षीच्या नाताळात भिंतीवर पुराची रेघ दिसत होती आणि आम्ही अकराच जण होतो. तरी पोपटी लावली.

आता माझा नातू पुण्यात एका परदेशी गिऱ्हाइकांच्या कंपनीत आहे. तिकडचे साहेब नाताळला सुट्टीवर जातात म्हणून यालाही आठवडाभर काम नसतं. दिवाळीला येता येत नाही, पण नाताळला हमखास येतो. मागच्या वेळी त्याने मित्रांना आणलं, त्यात एक ख्रिस्ती मुलगी होती. सकाळी चर्चमध्ये जाऊन मग निघाली, दुपारी वाडीत पोचली. तिने विचारलं, आजी, तुम्ही आजच्या दिवशी काय करता? मी तिला आधी गोट हातात दिला. ‘‘केवढा जड!’’ असं म्हणून तिने तो परत केला आणि मग आम्ही सगळे भांबुर्डा तोडायला बांधावर गेलो.

यंदा भावाचा फोन आला होता. पाऊस लांबला, वाल उशिरा पेरले, नाताळपर्यंत शेंगा भरतील असं दिसत नाही म्हणाला. मी म्हटलं, महाडच्या बाजारात बघ, कुणाच्या तरी लवकर आल्या असतील. आणि मडकी दोन आण, एक फुटतंच.