हवा कधी सोडायची, कधी थांबवायची

फ्रान्समधली निम्म्याहून अधिक डुकरे एकट्या ब्रिटनी प्रांतात पाळली जातात. शेतांतून वाहून गेलेल्या नायट्रेटवर तिथल्या उथळ खाड्यांत हिरवे शेवाळ माजते. २००९ मध्ये कुजत्या शेवाळातून निघालेल्या विषारी वायूने किनाऱ्यावर एक घोडा मेला आणि त्याचा स्वार बेशुद्ध पडला. नायट्रेटच्या याच प्रश्नामुळे तिथले अनेक वराहपालक मलमूत्राच्या सांडपाण्यातला नायट्रोजन जिवाणूंकरवी काढतात. त्याविषयीचे काही समज मात्र तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज : बायोगॅस संयंत्रातून काढले की पाणी शुद्ध.
वस्तुस्थिती : मिथेनच्या रूपाने निघून जातो तो कार्बन. नायट्रोजन जवळजवळ सगळा मागेच राहतो, उलट त्यातला बराचसा अमोनियात बदलतो. पुढची अडचण याहून मोठी आहे. नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणाऱ्या जिवाणूंना खाद्य म्हणून कार्बनच लागतो आणि तो तर आपण गॅससाठी आधीच खर्च केलेला असतो. म्हणून थोडी कच्ची स्लरी (मलमूत्राचे पातळ मिश्रण) संयंत्रात न घालता थेट पुढच्या टाकीत सोडावी लागते. संयंत्र आखतानाच हा हिशेब मांडला नाही, तर नंतर बाहेरून मिथेनॉलसारखा कार्बन विकत घ्यावा लागतो.

गैरसमज : जितकी हवा सोडू तितके चांगले.
वस्तुस्थिती : अमोनियाचे नायट्रेट होताना दर किलो नायट्रोजनमागे सुमारे ४.६ किलो ऑक्सिजन लागतो, हे खरे. पण पुढचे जिवाणू ऑक्सिजन संपल्यावरच नायट्रेटकडे वळतात. ब्रिटनीत एकाच टाकीत ब्लोअर काही वेळ चालू, काही वेळ बंद ठेवतात, ते याचसाठी. शिवाय अमोनियाचे नायट्रेट होण्याच्या पहिल्या टप्प्यात खर्च झालेली जवळपास निम्मी क्षारता नायट्रेटचा वायू होण्याच्या दुसऱ्या टप्प्यात परत मिळते. सतत हवा दिली तर वीजही जाते आणि पाण्याची आम्लताही वाढते.

गैरसमज : वास गेला, काम झाले.
वस्तुस्थिती : नायट्रेटला वास नाही, रंगही नाही. ते मोजावेच लागते.

गैरसमज : नायट्रोजन हवेत सोडणे म्हणजे हवेचे प्रदूषण.
वस्तुस्थिती : हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, त्यामुळे त्याची भीती नाही. जपायचे ते नायट्रस ऑक्साइडला. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवतो आणि पहिल्या टप्प्यात ऑक्सिजन किंवा दुसऱ्या टप्प्यात कार्बन अपुरा पडला की या टाकीत तो अधिक निर्माण होतो. नायट्रोजन उडवून देणे म्हणजे खत गमावणेही आहे. पुरेशी जमीन असेल, तर पिकाच्या गरजेपुरती स्लरी शेतातच द्यावी, असे मला ठामपणे वाटते. जिथे डुकरे जास्त आणि जमीन कमी, तिथेच ही टाकी बांधावी.