पडदा रुंद झाला, भिंत तेवढीच राहिली

मोर्शी-वरूडकडच्या जुन्या माणसांजवळ सिनेमाचा विषय काढा, गोष्ट हटकून बहिरमच्या यात्रेवर येते. सातपुड्याच्या पायथ्याची ही महिनाभराची यात्रा हंडीतल्या मटणासाठी आणि रोडग्यांसाठी प्रसिद्ध. एके काळी तमाशे आणि टुरिंग टॉकीजच्या तंबूंसाठीही. दोन बल्ल्यांमध्ये पांढरं कापड ताणलं की पडदा तयार. गर्दी वाढली तर कनात मागे सरकवायची.

पक्क्या टॉकीजला ही मोकळीक नव्हती. भिंत उभी राहिली की पडद्याची कमाल रुंदी कायमची ठरली. सुरुवातीला अडचण आली नाही, कारण बोलपटांची चौकट उंचीच्या १.३७ पटच रुंद होती. मग १९५३ साली हॉलिवूडच्या ‘द रोब’ने सिनेमास्कोप आणला, १९५९ साली गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’ने तो हिंदीत आणला. कॅमेऱ्यावरचं भिंग दृश्य आडवं आवळून रिळावर बसवतं, मशीनवरचं भिंग ते पुन्हा पसरवतं. रीळ ३५ मिलिमीटरचंच, मशीनही तीच. म्हणून लहान गावांतल्या टॉकीजवाल्यांनाही हे जमण्यासारखं होतं.

भिंत मात्र जागची हलत नव्हती. ३० फुटी पडद्यावर जुन्या चौकटीचं चित्र जवळपास २२ फूट उंच दिसे. त्याच रुंदीत २.३५ पटीचा स्कोप बसवला, तर उंची पावणेतेरा फूट! भव्य म्हणून जाहिरात झालेला सिनेमा अरुंद हॉलमध्ये खरोखर आखूड दिसे. रुंद हॉलची मजा वेगळीच. बाजूचे काळे पडदे सरकत, चित्र दोन्हीकडे फाकत जाई. सिनेमाचा खरा थाट मला तिथेच दिसतो.

हा थाट गावोगावी सारखा पोचला नाही. ‘शोले’ (१९७५) ३५ मिलिमीटरवर चित्रित करून मोठ्या शहरांसाठी ७० मिलिमीटरवर वाढवला. गावोगावी मात्र ३५च्याच प्रती पोचल्या.

सी. पी.-बेरार या सिनेमा-वितरणाच्या सर्किटमधलं अमरावती हे मोठं ठाणं. चित्रा, प्रभात, श्याम ही तिथल्या टॉकीजची नावं आजही चौकांना आहेत. आता मल्टिप्लेक्समध्ये खुर्च्या मऊ, आवाज स्वच्छ. पण अनेक पडदे १.८५ पटीच्या आकाराचे, त्यामुळे स्कोप लागला की वर-खाली काळ्या पट्ट्या. डिजिटल यंत्रामुळे रिळांच्या पेट्यांची वाट पाहणं संपलं, तालुक्याच्या गावी छोटं थिएटर चालवणं सोपं झालं. मोर्शीत कुणी असं थिएटर बांधणार असेल, तर त्यानं खुर्च्यांआधी पडद्याच्या भिंतीचं माप ठरवावं, आणि ती स्कोपच्या हिशेबानं रुंद धरावी.